पोलादी तुळईचे डिझाइन : सेक्शन ठरवण्याआधी वरचा फ्लॅन्ज कोणी धरला आहे ते पाहावे

ओळंबा

पोलादी तुळईचे डिझाइन शिकवताना मोमेंट (भाराचा तुळईला वाकवणारा परिणाम) काढणे, कोष्टकातून सेक्शन (तुळईचा छेद) निवडणे, मग शिअर (तुळईला कापू पाहणारा जोर) आणि डिफ्लेक्शन (बाक) तपासणे हा क्रम मनात इतका पक्का बसवला जातो, की गणित सुटले म्हणजे तुळई झाली असे वाटू लागते. हा क्रम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तुळईला बाजूने कोण धरून आहे आणि कधीपासून धरून आहे, यावर तिची ताकद सेक्शनइतकीच अवलंबून असते. आणि त्यातला ‘कधीपासून’ हा भाग बहुतेक हिशेबांत येतच नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत न्यावे, असा या चर्चेच्या धाग्याचा हेतू आहे.

साध्या आधारांवरची, इंग्रजी I आकाराची, ६ मीटर गाळ्याची (दोन आधारांमधील अंतराची) तुळई घेऊ. तिच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्लॅन्ज, मधली उभी पट्टी म्हणजे वेब. अशा तुळया ३ मीटर अंतराने एकमेकींना समांतर आहेत आणि त्यांच्यावर १२५ मिमी जाडीचा काँक्रीटचा स्लॅब आहे. काँक्रीटचे वजन २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरले तर स्लॅबचे ३.१२५ आणि फिनिशिंगचे १ मिळून ४.१२५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर होतात. ३ मीटर रुंदीचा भार एका तुळईवर येत असल्याने हे १२.३७५ किलोन्यूटन प्रति मीटर झाले. तुळईचे स्वतःचे वजन सुरुवातीला अंदाजाने ०.५ धरावे. वापराचा भार ४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरला, तर तो १२ किलोन्यूटन प्रति मीटर येतो. म्हणजे प्रत्यक्ष भार सुमारे २४.९ आणि १.५ या गुणकाने वाढवलेला भार सुमारे ३७.३ किलोन्यूटन प्रति मीटर. भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले ८, या सूत्राने मधला मोमेंट १६८ किलोन्यूटन-मीटर आणि आधारापाशी शिअर ११२ किलोन्यूटन मिळतो.

पोलादाचा यील्ड स्ट्रेस (ज्या स्ट्रेसला, म्हणजे दर चौ. मिमीवरच्या जोराला, पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते) २५० न्यूटन प्रति चौ. मिमी आणि सुरक्षा गुणक १.१० धरला, तर लागणारा प्लास्टिक सेक्शन मॉड्युलस (सेक्शनच्या आकारावरून येणारे वाकण्याविरुद्धच्या ताकदीचे माप) ७४० घन सेंमी येतो. कोष्टकात आयएसएमबी ३०० (भारतीय मानकातला ३०० मिमी उंचीचा I सेक्शन) याचा ६५१.७४ आहे, म्हणजे तो कमी पडतो. आयएसएमबी ३५० चा ८८९.५७ आहे, म्हणजे तो पुरतो. त्याची मोमेंट पेलण्याची क्षमता २०२ किलोन्यूटन-मीटर भरते. त्याचे वजन मीटरला ५२.४ किलो, म्हणजे ०.५१ किलोन्यूटन आहे. धरलेला अंदाज बरोबर होता का, हे इथे परत येऊन पाहण्याची सवय ठेवावी, कारण मोठ्या गाळ्यांत स्वतःचे वजन हाच भाराचा मोठा हिस्सा होतो आणि तिथे पहिला अंदाज सहज फसतो.

शिअरसाठी वेबचे क्षेत्रफळ ३५० गुणिले ८.१, म्हणजे २८३५ चौ. मिमी. त्यावरून क्षमता ३७२ किलोन्यूटन येते. ११२ हा आकडा तिच्या ६० टक्क्यांच्याही बराच खाली असल्याने शिअरमुळे मोमेंटची क्षमता घटवावी लागत नाही. इनर्शिया (सेक्शनच्या आकारामुळे येणारा ताठपणा) १३६३० सेंमीचा चौथा घात आणि लवचिकता गुणांक (पोलादाचा स्वतःचा ताठपणा) २ लाख न्यूटन प्रति चौ. मिमी घेतला, तर नुसत्या वापराच्या भाराने मध्यभागी ७.४ मिमी आणि एकूण भाराने १५.४ मिमी बाक येतो. गाळा भागिले ३६० ही मर्यादा १६.७ मिमी आहे.

एवढ्यावर बहुतेक हिशेब संपतात. हे सारे गुणक आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेतले आहेत. ज्यांना दुसऱ्या संहितेने काम करायचे असेल त्यांचे गुणक बदलतील; उदाहरणार्थ, युरोपीय संहितेत स्थिर भाराला १.३५ आणि वापराच्या भाराला १.५ असे वेगवेगळे गुणक आहेत. तुळईचे वागणे मात्र संहितेप्रमाणे बदलत नाही. हा हिशेब जिथे थांबला तिथून पुढे चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

पहिली वीट

मी अजून शिकत आहे, त्यामुळे प्रश्न प्राथमिक वाटल्यास क्षमस्व. आपण प्लास्टिक मॉड्युलस घेतला आहे. आमच्या जुन्या टिपणांत इलॅस्टिक मॉड्युलस घेऊन उदाहरणे सोडवलेली आहेत. आयएसएमबी ३५० चा इलॅस्टिक मॉड्युलस ७७८.९ आहे, म्हणजे दोन्हींत चौदा टक्क्यांचा फरक पडतो. ही जास्तीची ताकद कुठून येते, आणि ती घेण्याचा अधिकार आपल्याला कधी मिळतो?

ओळंबा

प्रश्न नेमका आहे. इलॅस्टिक हिशेबात सेक्शनच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या तंतूंचा स्ट्रेस यील्डला पोचला की आपण थांबतो; त्या वेळी मधला भाग अजून निम्म्याही ताकदीने काम करत नसतो. पोलाद यील्डनंतर तुटत नाही, ते त्याच स्ट्रेसवर ताणले जात राहते आणि पुढचा भार आतल्या तंतूंकडे सरकतो. असे करत करत पूर्ण सेक्शन, वरचा अर्धा दाबात आणि खालचा अर्धा ताणात, यील्डला पोचतो. ती अवस्था म्हणजे प्लास्टिक मोमेंट.

अधिकार कधी मिळतो, याचे उत्तर सेक्शनच्या पातळपणात आहे. दाबातला फ्लॅन्ज फार पातळ असेल तर पूर्ण सेक्शन यील्डला पोचण्याआधीच तो जागच्या जागी सुरकुततो आणि ती जास्तीची ताकद कधी मिळतच नाही. म्हणून फ्लॅन्जच्या अर्ध्या रुंदीला जाडीने भागून पाहायचे. इथे ७० भागिले १४.२ म्हणजे ४.९; प्लास्टिक वर्गासाठी मर्यादा ९.४ आहे. वेबची सरळ उंची २९३.६ भागिले ८.१ म्हणजे ३६, मर्यादा ८४. दोन्हींत भरपूर अंतर आहे. कारखान्यात लाटून आलेले आयएसएमबी सेक्शन या कसोटीत बहुधा सहज उतरतात, पण प्लेटा जोडून बनवलेल्या तुळईत ही तपासणी सर्वांत आधी करावी. तिथे वेब पातळ ठेवण्याचा मोह फार असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. यील्ड स्ट्रेस वाढला की या मर्यादा कमी होतात. २५० ला त्या यील्ड स्ट्रेसने भागून त्याचे वर्गमूळ घ्यायचे आणि त्याने मर्यादेला गुणायचे.

तिरपी रेघ

आपण पोलादाची प्रत गृहीत धरून सेक्शन बदललात. मी सेक्शन तोच ठेवून प्रत बदलेन. ३५० प्रतीचे, म्हणजे ३५० यील्ड स्ट्रेसचे पोलाद घेतले तर आयएसएमबी ३०० ची क्षमता ६५१.७४ गुणिले ३५० भागिले १.१, म्हणजे २०७ किलोन्यूटन-मीटर होते. ती आपल्या आयएसएमबी ३५० पेक्षाही थोडी जास्त आहे, वजन मीटरला आठ किलोंनी कमी आहे आणि मजल्याची उंची ५० मिमीने वाचते. फ्लॅन्जचे प्रमाण ५.६ आणि मर्यादा ७.९, म्हणजे वर्गही प्लास्टिकच राहतो. मग मोठा सेक्शन का घ्यावा?

ओळंबा

मोमेंटचा हिशेब आपला बरोबर आहे. अडचण अशी, की पोलादाची प्रत बदलली तरी त्याचा लवचिकता गुणांक बदलत नाही. २५० प्रत असो वा ३५०, तो २ लाखच राहतो. त्यामुळे बाकाच्या हिशेबात महाग पोलादाचा काडीचाही उपयोग होत नाही. आयएसएमबी ३०० चा इनर्शिया ८६०४ आहे. वापराच्या भाराने बाक ११.८ मिमी येतो आणि एकूण भाराने २४.४ मिमी.

आता इथे प्रामाणिकपणे सांगायचे तर संहितेच्या कोष्टकात मजल्यासाठीची मर्यादा वापराच्या भारावर दिलेली आहे, आणि ११.८ हे १६.७ च्या आत आहे. म्हणजे कागदावर आपली तुळई उत्तीर्ण आहे. तरीही मी ती घेणार नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण ओल्या काँक्रीटचे आहे. स्लॅब ओतताना तुळई जसजशी वाकते तसतसा मध्यभागी खड्डा होतो. गवंडी वरचा पृष्ठभाग पातळीत आणतो, म्हणजेच तो खड्डा काँक्रीटने भरतो. स्लॅब मध्यभागी जाड होतो, भार वाढतो, बाक आणखी वाढतो. आधीच तुळईला उलटा बाक देऊन हे टाळता येते, पण तो बाक कारखान्यात नेमका मिळाला का आणि उभारणीच्या वेळी तुळई उलटी तर बसली नाही ना, हे कोणीतरी पाहावे लागते.

दुसरे कारण मजल्याच्या थरथरीचे आहे. साध्या आधारांवरच्या तुळईची नैसर्गिक वारंवारता १८ ला बाकाच्या वर्गमुळाने भागून ढोबळपणे मिळते. बाक मिमीमध्ये घ्यायचा आणि तो स्थिर भार अधिक वापराच्या भाराचा एक दशांश एवढ्या भाराने काढायचा. आयएसएमबी ३५० साठी तो ८.७ मिमी, म्हणजे वारंवारता ६.१ हर्ट्झ. आयएसएमबी ३०० साठी १३.८ मिमी, म्हणजे ४.८ हर्ट्झ. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, आणि त्या ठेक्याच्या दुपटीच्या आसपास मजला आला की कोणी चालत गेल्याचे शेजारच्या टेबलावर बसलेल्याला कळते. अशा मजल्याला धोका नसतो, पण त्यावर बसणाऱ्याला तो आवडत नाही आणि नंतर तो दुरुस्त करणे फार अवघड जाते.

तुळईची उंची कमी ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर वरच्या फ्लॅन्जवर शिअर स्टड (पोलादी खुंट्या) वेल्ड करून स्लॅब आणि तुळई यांना एकत्र काम करायला लावावे. तसे केल्यास इनर्शिया दोन-तीन पटींनी वाढू शकतो. पण काँक्रीट कडक होईपर्यंत ओला भार एकट्या पोलादालाच पेलावा लागतो, हे तिथेही विसरता येत नाही.

सरळ भिंत

लेखाचे शीर्षक बाजूच्या आधाराविषयी आहे, पण आपल्या तुळईवर तर स्लॅबच आहे. स्लॅब वरच्या फ्लॅन्जला पूर्ण लांबीभर धरून ठेवतो. संहिताही अशा तुळईसाठी लॅटरल टॉर्शनल बकलिंग (तुळईने बाजूला निसटून पिळवटणे) तपासायला सांगत नाही. मग या उदाहरणात तो प्रश्न येतोच कुठे?

ओळंबा

धागा याच प्रश्नासाठी काढला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पोलादी पट्टी कडेवर उभी धरून दोन्ही टोकांपाशी वाकवून पाहावी. खूप जोर लावला तरी ती उभ्या दिशेत वाकत नाही. एका क्षणी तिची दाबातली कड अचानक बाजूला निसटते आणि पट्टी पिळवटते. तुळईचेही तसेच होते. वरचा फ्लॅन्ज हा दाबातला लांबच लांब सडपातळ खांब असतो. वेबमुळे त्याला खाली-वर जाता येत नाही, म्हणून तो बाजूला पळतो. खालचा फ्लॅन्ज ताणात असल्याने सरळच राहू पाहतो, आणि दोघांच्या ओढाताणीत सेक्शन पिळला जातो. अरुंद आयताकृती तुळईसाठी हे गणित प्रांट्ल आणि मिशेल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे १८९९ मध्येच मांडले होते.

आता आयएसएमबी ३५० ला पूर्ण ६ मीटर लांबीत बाजूचा कोणताही आधार नाही, असे धरू. दोन्ही टोके मात्र पिळण्यापासून रोखलेली आहेत. सेक्शनचा बाजूला वाकण्याविरुद्धचा ताठपणा दाखवणारी उभ्या अक्षाभोवतीची त्रिज्या फक्त २८.४ मिमी आहे, म्हणजे लांबी भागिले त्रिज्या २११. या आकड्यावरून क्रिटिकल मोमेंट (ज्याला अगदी सरळ, निर्दोष तुळईही बाजूला निसटेल) सुमारे १११ किलोन्यूटन-मीटर येतो. प्लास्टिक मोमेंट (१.१० ने भागण्याआधीचा) २२२ आहे; त्याला १११ ने भागून वर्गमूळ घेतले की सडपातळपणाचा आकडा १.४२ मिळतो. लाटलेल्या सेक्शनसाठी ०.२१ हा दोषांक धरून क्षमतेचा घट-गुणक ०.४१ येतो. २०२ ची तुळई ८३ किलोन्यूटन-मीटरवर आली. सेक्शन तोच, पोलाद तेच, क्षमता निम्म्याहूनही कमी.

आपण म्हणता ते खरे, की स्लॅब कडक झाल्यावर हा प्रश्न उरत नाही. पण स्लॅब ओतला जात असताना काय? ओले काँक्रीट भार देते, आधार देत नाही. स्लॅबचे ९.४, तुळईचे ०.५ आणि फळ्या, माणसे, ढीग करून ओतलेले काँक्रीट यांचे १.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे ४.५, एकूण १४.४ किलोन्यूटन प्रति मीटर. १.५ ने वाढवून मोमेंट ९७ किलोन्यूटन-मीटर. आणि क्षमता ८३.

म्हणजे जी तुळई इमारतीच्या पूर्ण आयुष्यात १६८ चा मोमेंट आरामात पेलणार आहे, ती स्लॅब ओतण्याच्या एका दिवशी ९७ ला अपुरी पडते. हा दिवस डिझाइनच्या कागदांत बहुधा नसतोच. डिझाइन करणारा म्हणतो, उभारणी ठेकेदाराने पाहावी. ठेकेदार म्हणतो, नकाशात काही लिहिलेले नव्हते. मला यात दोष डिझाइन करणाऱ्याचा वाटतो, कारण तुळई कोणत्या गृहीतावर उभी आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असते.

मध्यभागी एकच बाजूचा आधार दिला, तर मोकळी लांबी ३ मीटर होते आणि क्षमता १४९ वर जाते. ओतण्याच्या दिवसासाठी ती पुरेशी आहे. गाळ्याचे तीन भाग करून २ मीटरवर आधार दिले तर ती १७६ होते, म्हणजे स्लॅबने कधीच धरले नाही तरी पूर्ण भारही पेलेल. अँगलच्या दोन तुकड्यांनी क्षमता दुपटीहून जास्त वाढते, हे पाहिल्यावर जड सेक्शन घेण्याचा विचार मागे पडतो.

या आधारांना किती जोर पेलावा लागतो, तेही पाहू. ९७ च्या मोमेंटला दोन फ्लॅन्जमधील अंतर, म्हणजे ०.३३६ मीटर, याने भागले की फ्लॅन्जमधला दाब २८९ किलोन्यूटन येतो. त्याच्या अडीच टक्के, म्हणजे ७.२ किलोन्यूटन, एवढ्या जोरासाठी आधाराचे डिझाइन करावे. जोर किरकोळ आहे. पण एक गोष्ट आवर्जून पाहावी : समांतर तुळया नुसत्या आडव्या अँगलने एकमेकींना जोडल्या आणि ते अँगल शेवटी कुठल्याही ताठ भागाला बांधलेच नाहीत, तर सर्व तुळया मिळून एकाच दिशेला निसटू शकतात. कुठेतरी एका गाळ्यात तिरपे ब्रेसिंग हवेच, किंवा जोड इतका ताठ हवा की तो तुळईला पिळूच देणार नाही.

सरळ भिंत

हिशेब पटला. मी तयार इमारतीचाच विचार करत होतो. एक शंका राहते : ८३ हा आकडा टोके पिळण्यापासून रोखलेली आहेत, या गृहीतावर आहे. प्रत्यक्षात उभारणीच्या वेळी तुळई कित्येकदा नुसती टेकवून ठेवलेली असते आणि बोल्ट नंतर भरले जातात.

ओळंबा

तसे असेल तर परिस्थिती आणखी बिकट आहे. खालचा फ्लॅन्ज नुसता टेकलेला असेल, तर संहिता परिणामी लांबी गाळ्याच्या १.२ पट अधिक उंचीच्या दुप्पट धरायला सांगते. इथे ती ७.९ मीटर होते आणि क्षमता ६३ वर येते. शिवाय भार वरच्या फ्लॅन्जवर असा ठेवलेला असेल, की तुळई बाजूला झुकल्यावर तोही तिच्यासोबत सरकेल, तर लांबी याहूनही जास्त धरावी लागते, कारण तो भार पिळवटणे वाढवतो. म्हणून टोकांचे बोल्ट पूर्ण आवळल्याशिवाय वर काहीही चढवू नये, असे उभारणीच्या सूचनांत स्पष्ट लिहावे.

बोल्ट-नट

टोकांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझे काम कारखान्यातील नकाशांचे आहे आणि माझ्या अनुभवात तुळईचा हिशेब दहा पाने, तर जोडाचा हिशेब अर्धे पान असतो. वास्तविक ११२ किलोन्यूटनचा शिअर शेवटी त्या जोडातूनच जाणार आहे.

२० मिमी व्यासाच्या ४.६ प्रतीच्या बोल्टची, आटे असलेल्या भागातून एका कापाची क्षमता सुमारे ४५ किलोन्यूटन असते. तीन बोल्ट १३६ पेलतात, म्हणून तीन पुरे असे वाटते. पण तुळईला एकाच प्लेटने जोडले, तर बोल्टांची ओळ आणि वेल्डची रेषा यांत अंतर राहते आणि त्या अंतरामुळे बोल्टांवर थोडा मोमेंटही येतो. वरच्या आणि खालच्या बोल्टवर त्याने जोर वाढतो. मी अशा ठिकाणी चार बोल्ट घेतो, किंवा ८.८ प्रतीचे तीन. त्यातील प्रत्येकाची क्षमता दुप्पट, म्हणजे ९० आहे. मात्र बोल्ट ताकदवान झाला की ८.१ मिमीचा वेब त्याच्या दाबाखाली फाटणार नाही ना, तेही तपासावे लागते. भोक २२ मिमीचे असते आणि कडेपासूनचे अंतर त्याच्या दीडपट, म्हणजे ३३ मिमीपेक्षा कमी नको. बोल्टांमधले अंतर व्यासाच्या अडीचपट, म्हणजे किमान ५० मिमी हवे.

दुसरी गोष्ट खाचेची. छोटी तुळई मोठ्या तुळईला वरच्या पातळीत जोडायची असते, तेव्हा छोटीचा वरचा फ्लॅन्ज टोकाशी कापावा लागतो. डिझाइनच्या कागदात पूर्ण सेक्शन असतो आणि प्रत्यक्षात टोकाशी नुसता वेब उरतो. तिथे शिअर सर्वांत जास्त असतो, आणि खाचेचा कोपरा काटकोनात कापला तर तिथूनच चीर सुरू होते. कोपरा गोल ठेवावा, हे मला प्रत्येक नकाशावर लिहावे लागते.

जोडातला एक छोटासा बदल काय करू शकतो, याचे उदाहरण सर्वांना माहीत असावे. १९८१ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील एका हॉटेलात टांगलेले पादचारी पूल कोसळून ११४ माणसे मरण पावली. मूळ कल्पनेत एकच सलग सळई वरच्या पुलातून खालच्या पुलापर्यंत जाणार होती. कारखान्याच्या सोयीसाठी तिच्या जागी दोन सळया आल्या. वरची छतापासून वरच्या पुलाच्या तुळईपर्यंत आणि दुसरी त्याच तुळईपासून खालच्या पुलापर्यंत. त्यामुळे वरच्या पुलाच्या तुळईखालील नटवर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे जवळपास दुप्पट. सळया तुटल्या नाहीत. तुळईचा पातळ भाग फाटून नट त्यातून वर निसटला.

ओळंबा

आपला प्रतिसाद मोलाचा आहे. त्यात वेबविषयी थोडी भर घालतो. तुळई जोडण्याऐवजी ७५ मिमी रुंदीच्या आधारावर टेकवली, तर वेब तिथे चिरडला जाणार नाही ना आणि बाजूला वाकणार नाही ना, हेही पाहायला हवे. आपल्या सेक्शनमध्ये चिरडण्याची क्षमता सुमारे २६८ आणि वाकण्याची सुमारे २४० किलोन्यूटन येते. ११२ ला दोन्ही पुरेत. पण गाळ्यात कुठे खांब किंवा जड यंत्र तुळईवर उभे राहणार असेल, तर तिथे दोन्ही बाजूंना ताठपट्ट्या देणेच चांगले.

पहिली वीट

आता माझा दुसरा प्रश्न. दोन गाळे मिळून १२ मीटरची एकच सलग तुळई घेतली तर बाक कमी होतो, असे वाचले आहे. मग सलग तुळई नेहमीच चांगली का मानू नये? आणि वेबमधून पाइप न्यायचे असतील तर भोक कुठे पाडावे?

ओळंबा

बाक खरोखरच कमी होतो. दोन्ही गाळ्यांवर भार असताना तो साध्या तुळईच्या सुमारे ४२ टक्के, म्हणजे इथे १५.४ ऐवजी ६.४ मिमी होतो. मधल्या आधारावरचा मोमेंट मात्र भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले ८ एवढाच, म्हणजे तोच १६८ राहतो. फक्त त्याची दिशा उलटी होते. आणि इथे मूळ मुद्दा पुन्हा पुढे येतो. त्या आधारापाशी वरचा फ्लॅन्ज ताणात आणि खालचा दाबात असतो. स्लॅबने वरचा फ्लॅन्ज धरला आहे आणि खालचा मोकळाच आहे. वर स्लॅब आहे म्हणून बकलिंग तपासायचे नाही, हे वाक्य तिथे लागू पडत नाही. खालच्या फ्लॅन्जला मोमेंटची दिशा बदलते तिथपर्यंत आधार हवा, किंवा तेवढ्या लांबीसाठी क्षमता घटवून धरावी. बाहेर झुकलेल्या कॅन्टिलिव्हर तुळईचेही असेच असते. छतावर वाऱ्याने वर उचलणारा जोर येतो तेव्हाही दाब खालच्या फ्लॅन्जमध्ये जातो, आणि हलक्या पत्र्याच्या छतात ते ध्यानात न घेणे फार महागात पडते.

भोकाविषयी थोडक्यात लिहितो. साध्या तुळईत मध्यभागी शिअर कमी असतो, म्हणून भोक गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात आणि वेबच्या मध्यरेषेवर घ्यावे. शक्यतो गोल असावे. चौकोनी घ्यावेच लागले तर कोपरे गोल ठेवावेत. आधाराजवळ किंवा एकाग्र भाराखाली ते पाडू नये, आणि जागेवर गॅसने कापू तर मुळीच देऊ नये.

तिरपी रेघ

आगीचा उल्लेख अजून आलेला नाही. संहितेतील सूत्राप्रमाणे २१५ अंश सेल्सिअसनंतर यील्ड स्ट्रेस घटू लागतो. ९०५ मधून तापमान वजा करून ६९० ने भागले की उरलेले प्रमाण मिळते. ५५० अंशांना ते सुमारे ५१ टक्के आहे. सेक्शन जितका पातळ तितका तो लवकर तापतो. या दृष्टीने आता माझा आयएसएमबी ३०० चा आग्रह मी मागे घेतो, कारण फ्लॅन्ज आणि वेब दोन्ही पातळ असल्याने त्याला लेपही जास्त लागेल.

ओळंबा

मान्य. लेपाची जाडी ठरवताना तापणारा परीघ आणि सेक्शनचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर पाहतात. वर स्लॅब असल्यास फ्लॅन्जची वरची बाजू त्या परिघात धरत नाहीत.

या उदाहरणापुरते नकाशावर काय लिहावे, ते खाली देतो. आपल्या कामात आकडे बदलून ते वापरता येईल.

‘तुळई आयएसएमबी ३५०, पोलादाचा यील्ड स्ट्रेस २५०. वरच्या फ्लॅन्जला गाळ्याच्या मध्यावर बाजूचा तात्पुरता आधार, ७.२ किलोन्यूटन जोरासाठी. प्रत्येक ओळीत किमान एका गाळ्यात तिरपे ब्रेसिंग. दोन्ही टोकांचे बोल्ट पूर्ण आवळल्याशिवाय तुळईवर कोणताही भार ठेवू नये. ओतताना काँक्रीटचा ढीग करू नये. ओतण्याच्या वेळचा भार फळ्या व माणसांसह १.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरला आहे. स्लॅबच्या काँक्रीटला डिझाइनमध्ये धरलेली ताकद येईपर्यंत तात्पुरता आधार काढू नये.’